उतरत्या तापमानात चढवलेला थर

माझ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात हार्मोनियम, तंबोरे आणि साध्या गिटारी नेहमी येतात. फ्रेटलेस बास, म्हणजे फ्रेट (धातूचे पडदे) नसलेला बास-गिटार, मात्र क्वचितच येतो. मे महिन्यात शहरातला एक तरुण वादक असा बास घेऊन आला, तेव्हा त्याच्या फिंगरबोर्डची, म्हणजे तारा ज्यावर बोटांनी दाबतात त्या पट्टीची, अवस्था पाहून मला खरोखर वाईट वाटले. मूळच्या साध्या बासचे फ्रेट त्याने दुसरीकडे काढून घेतले होते, खाचांमध्ये फिकट लाकडाच्या पट्ट्या नीट बसवलेल्या होत्या, पण शिसवीचा पृष्ठभाग उघडाच ठेवलेला होता आणि त्यावर राउंडवाउंड तारा चढवलेल्या होत्या. अशा तारेवरचे बाहेरचे वेटोळे गोल तारेचे असल्यामुळे तिचा पृष्ठभाग बारीक कानशीसारखा खरखरीत असतो. फ्रेट असतील तर हा घासा धातू सोसतो. ते काढले की बोटाच्या प्रत्येक कंपनासरशी तार थेट लाकडावर घासते. पहिल्या दोन तारांखाली, त्याची बोटे जिथे सर्वाधिक फिरत होती तिथे, नखाला सहज जाणवतील असे चर पडले होते आणि त्या जागी सूर अर्ध्यातच बसत होता.

“काका, यावर काचेसारखा कडक थर चढवून द्या, परवा कार्यक्रम आहे,” असे तो म्हणाला. या कार्यक्रमाला दुसरा बास घे, हे काम परवापर्यंत होणार नाही, असे मी त्याला पहिल्याच बैठकीत सांगितले.

त्याची मागणी अवास्तव नव्हती. जॅको पास्टोरियस (1951–1987) या अमेरिकन वादकाने आपल्या फ्रेटलेस बासच्या फिंगरबोर्डवर नौकांसाठी वापरले जाणारे इपॉक्सी (राळ आणि हार्डनर हे दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारे द्रव्य) लावले होते, आणि 1976 साली त्याचा पहिला अल्बम आल्यापासून त्या लांबणाऱ्या, गाणाऱ्या स्वराच्या शोधात अनेक वादक याच वाटेने गेले. यामागचे कारण आपल्याकडच्या वादकाला लवकर पटते. सरोदाच्या पट्टीवर धातूचा पत्रा असतो, कारण पडदे नसलेल्या वाद्यात तार ज्या पृष्ठभागावर दाबली जाते तो जितका कठीण, तितका स्वर कमी शोषला जातो. शिवाय तार फिंगरबोर्डच्या अत्यल्प उतारावर हलकेच घासत कंप पावते तेव्हा जो भरलेला, उमलणारा नाद निघतो, तो तंबोऱ्याच्या जवारीच्याच जातीचा आहे. म्हणून हा थर केवळ संरक्षणासाठी नसतो. त्याच्या सपाटीवर वाद्याचा आवाज ठरतो.

सुपरग्लूचे थर द्यावेत, असे त्याने कुठेतरी पाहिले होते. ती रीत खोटी नाही, परंतु सुपरग्लूमधले सायनोॲक्रिलेट हवेतल्या ओलाव्यामुळे घट्ट होते आणि सोलापूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत ते रेंगाळते. घाईने ॲक्सिलरेटर (ते लवकर घट्ट करणारा फवारा) मारला तर थर दुधाळ होण्याची भीती असते. त्याच्या वाफा डोळ्यांना आणि घशाला झोंबतात, हेही खरेच. मी पातळ, पारदर्शक, सावकाश घट्ट होणारे दोन भागांचे इपॉक्सी निवडले. दुकानात मिळणारे नळीतले अराल्डाइट उत्तम चिकटते, पण पसरवण्यासाठी ते फार दाट आहे.

खरी अडचण उन्हाची होती. दुपारी पारा 40 अंशांच्या पुढे जातो, आणि साधारणपणे दर 10 अंश वाढीला मिश्रण हाताळण्याची वेळ निम्म्यावर येते. म्हणजे 25 अंशांना पाऊण तास टिकणारे मिश्रण आपल्याकडे पंधरा-सोळा मिनिटांतच ओढू लागते. याहून मोठी गोष्ट लाकडाच्या आतल्या हवेची आहे. शिसवीच्या छिद्रांमध्ये हवा असते; सकाळी तापमान चढत असताना ती प्रसरण पावून बाहेर पडते आणि ओल्या थरात बुडबुडे उठवते, तर संध्याकाळी लाकूड निवत असताना तीच हवा आकुंचन पावते आणि पातळ इपॉक्सी छिद्रांत ओढून घेते. त्या वादकाला हे सांगून पटेना, म्हणून मी शिसवीच्या एकाच फळीचे दोन तुकडे घेतले. एकावर सकाळी अकराच्या सुमारास आणि दुसऱ्यावर दिवस कलल्यावर, त्याच मापाचे मिश्रण त्याच्या देखत लावले. सकाळच्या तुकड्यावर सुईच्या टोकाएवढी असंख्य भोके राहिली. संध्याकाळचा तुकडा आरशासारखा स्वच्छ निघाला. त्यानंतर त्याने घाई करणे सोडून दिले, आणि मला वाटते, त्या दिवसापासून तो हे काम माझ्याइतकेच मन लावून पाहू लागला.

आधीची तयारी मात्र दिवसाच केली. तारा उतरवून ट्रस रॉड (नेकच्या, म्हणजे वाद्याच्या दांडीच्या, आतली तिचा बाक जुळवणारी सळई) सैल करून नेक सरळपट्टीला तंतोतंत लावला, फिंगरबोर्डच्या गोलाईच्या लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून चर जवळजवळ निघेपर्यंत पृष्ठभाग घासला, कडांना टेपची छोटी भिंत केली आणि शिसवीचे नैसर्गिक तेल ॲसिटोनने पुसून काढले. फिंगरबोर्डचे क्षेत्रफळ सुमारे 300 चौरस सेंटिमीटर धरले, तर एक मिलिमीटर जाडीसाठी जेमतेम 30 मिलिलिटर इपॉक्सी लागते, आणि तेही थरांमध्ये विभागून. म्हणजे एका वेळी दहा-बारा ग्रॅमच मिसळायचे असते, आणि एवढ्याशा मापात अर्ध्या ग्रॅमची चूकसुद्धा थर कायमचा चिकट ठेवू शकते. म्हणून मी सराफ वापरतात तसला काटा वापरतो. हातमोजे अपरिहार्य आहेत. हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की ती सहसा जात नाही.

पहिला थर मी पुसल्यासारखा, अगदी पातळ दिला, कारण त्याचे काम छिद्रे बुजवण्याचे होते. पुढच्या थरांत दुसरा स्वभाव दिसतो: इपॉक्सी स्वतःची पातळी शोधते, आणि फिंगरबोर्ड मधोमध उंच असल्यामुळे ते माथ्यावरून कडांकडे उतरते. एका जाड थरात काम उरकले तर माथ्यावर पापुद्रा आणि कडेला तळे, अशी स्थिती होते. म्हणून प्रत्येक संध्याकाळी एक थर दिला, धुळीसाठी वर पुठ्ठ्याचे झाकण ठेवले, आणि सकाळी ओल्या कापडाने पुसून हलके घासल्यावरच पुढच्या थराची तयारी केली.

शेवटचा थर दिल्यावर मी आठवडाभर वाद्याला हात लावला नाही. पत्र्याखालच्या माळ्यावरची ऊब इथे उपयोगी पडली, कारण साध्या तापमानाला घट्ट झालेले इपॉक्सी नंतर मंद उष्णता मिळाल्यास अधिक पक्के होते. मग पुन्हा त्याच गोलाईच्या ठोकळ्यावर, 220 पासून 2000 नंबरपर्यंतच्या कागदांनी, शेवटी पाण्याने घासत मी पृष्ठभाग एकसारखा केला. हे काम कंटाळवाणे म्हणून यंत्रावर देणारे असतात. मला ते मान्य नाही, कारण यंत्राच्या उष्णतेने थर मऊ पडतो आणि गोलाई बिघडते.

फिंगरबोर्ड जवळपास एक मिलिमीटरने उंचावल्यामुळे तारांच्या वरच्या टोकाच्या आधाराखाली, म्हणजे नटखाली, हाडाची पातळ पट्टी द्यावी लागली आणि खालच्या टोकाचा आधार, म्हणजे ब्रिजही तेवढाच वर घ्यावा लागला. तारा चढवल्यावर त्याने दुसऱ्या तारेवर एक स्वर धरून तो हळूहळू वर सरकवला. तो स्वर जिथे पूर्वी बसायचा, तिथून तुटता तुटता नव्हे, तर भरून पुढे गेला. तो बराच वेळ वाजवत राहिला आणि मीही त्याला थांबवले नाही.

जाताना त्याला एक गोष्ट मी बजावून सांगितली. असे इपॉक्सी 50 ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत तेवढी उष्णता सहज होते. ताणलेल्या तारा बोर्डवर दबून राहिल्या, तर त्यांच्या खुणा थरात कायमच्या उठतील. बास गाडीत ठेवून जेवायला जायचे नाही, आणि पावसाळा सुरू झाल्यावर नेकची सरळ रेषा पुन्हा पाहण्यासाठी तो माझ्याकडे आणायचा, एवढे त्याने कबूल केले.