चहा घेतला का?

सोर्डलंड नावाचा देश मी आत्तापर्यंत तीनदा खड्ड्यात घातलाय. नकाशात शोधू नका, सापडायचा नाही. बर्लिनच्या टॉर्पर गेम्सनं डिसेंबर २०२० मध्ये 'सुझरेन' नावाचा गेम काढला, त्यातला देश आहे तो. पळापळ नाही, बंदुका नाहीत. वाचायचं आणि समोर आलेल्या दोन-चार वाक्यांतलं एक निवडायचं, एवढंच. साल १९५४, तुम्ही अँटन रेन, नवेकोरे राष्ट्राध्यक्ष. घटना बदला म्हणून एक बाजू मागे लागलेली, बदलू नका म्हणून दुसरी. उपाध्यक्ष तुमचा जुना मित्र, आणि पक्ष आतून उभा चिरलेला.

पहिल्या खेपेला मी सगळ्यांना हो म्हटलं. सुधारणावाल्यांना म्हटलं, अध्यक्षाचे अधिकार कापू. ग्लोरिया टोरी म्हणून माझ्याच पक्षातली जुन्या वळणाची एक खमकी बाई आहे, तिला म्हटलं, फार काही हलवणार नाही, निर्धास्त राहा. ऑफिसात मी रोज हेच करते. मी टेस्टर आहे, सॉफ्टवेअरमधल्या चुका, म्हणजे बग, शोधते. डेव्हलपरला सांगते रिलीज अडवणार नाही, मॅनेजरला सांगते एकही बग सोडणार नाही. तिथं निभतं. इथं मतदानाच्या दिवशी दोन्हीकडच्यांनी पाठ फिरवली आणि माझी घटनादुरुस्ती आपटली. रात्रीचा दीड वाजला होता. मी एवढ्या मोठ्यानं "अगं भवाने!" म्हणाले की नवरा उठून बसला.

राग यायचं कारण असं की ही बाई बिनसलीय हे गेमनं मला कुठं सांगितलंच नव्हतं. तिजोरीत किती आहे ते तो दाखवतो, माणसं किती आपली आहेत ते दाखवत नाही. मागं जाऊन पाहिलं तर दोन तासांपूर्वी मी तिला तोडून एक वाक्य बोलले होते. तिनं तेव्हा फक्त विषय बदलला होता.

तेव्हापासून डोक्यात होतं की असा एक गेम आपणही करावा, मराठीत. सोर्डलंड नको. अकरा सदस्यांची ग्रामपंचायत पुरे.

ट्वाइन नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ख्रिस क्लाइमस यांनी २००९ मध्ये केलेलं. स्क्रीनवर चौकोन मांडायचे, प्रत्येकात मजकूर लिहायचा आणि एका चौकोनातून दुसऱ्यात बाण न्यायचे. प्रोग्रामिंग येत नसलं तरी अडत नाही. मी दिवाळीच्या सुट्टीत बसले आणि 'अविश्वास' नावाची फाइल उघडली.

विषय शोधावा लागलाच नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, सांगली जिल्ह्यात एकतीस वर्षं ग्रामसेवक होते. आमच्या घरी जेवताना बाकीच्यांकडं क्रिकेट चालायचं तसं 'कलम ३५' चालायचं. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातलं हे कलम सरपंच-उपसरपंचावरच्या अविश्वास ठरावाचं. नोटीस तहसीलदाराकडं जाते. ती मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत त्यानं विशेष सभा बोलवायची. सात दिवस! गेम लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगलं काय मिळणार? घड्याळ कायद्यानंच लावून दिलंय.

गेमचं साल मी मुद्दाम २०१२ ठेवलं. २०१७ नंतर सरपंच थेट जनतेतून आला, २०२० मध्ये ते बंद झालं, २०२२ मध्ये परत आलं. थेट सरपंचाला खाली ओढायचं तर ठराव ग्रामसभेपुढं जातो, आणि मग अकरा जणांच्या खोलीतली मजा राहत नाही. २०११ मध्ये महिलांना पन्नास टक्के जागा आल्या होत्या, त्यामुळं सरपंच बाई. आणि खरी गंमत अशी की महिलेसाठी राखीव असलेल्या पदावरच्या महिला सरपंचाला काढायला तेव्हा दोन-तृतीयांश नाही, तीन-चतुर्थांश मतं लागायची. अकराचे तीन-चतुर्थांश सव्वाआठ, म्हणजे नऊ. याचा अर्थ बाईंचं स्वतःचं मत धरून तीन जण पुरतात. सात दिवस फक्त दोन माणसं धरून ठेवायची.

दोनच माणसं, त्यामुळं सोपं वाटलं. मी प्रत्येक सदस्याला एकेक व्हेरिएबल, म्हणजे आकडा साठवायचा कप्पा, दिला, सदस्य_२ पासून सदस्य_११ पर्यंत, आणि बाजूला निष्ठेची पट्टी. चॉइसस्क्रिप्ट म्हणून असेच वाचायचे-निवडायचे गेम लिहायची एक भाषा आहे, तिच्या गेममध्ये आकड्यांचं एक पान असतं ना, त्याची सरळ नक्कल. गोड बोललात की पट्टी वाढली, अपमान केलात की उतरली. पन्नासच्या वर तो तुमच्या बाजूनं हात वर करणार.

जानेवारीत आप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आले. दुसऱ्या डोळ्याला तीन आठवडे अवकाश होता, टीव्ही बघून कंटाळले होते. मी अक्षर मोठं करून लॅपटॉप पुढ्यात ठेवला.

त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं. "ह्ये काय?"

"निष्ठा. साठ टक्के आहे त्याची तुमच्यावर."

"साठ टक्के? माणूस हाय का मोबाइल?"

मग ते वाचू लागले, मोठ्यानं, सभेचं प्रोसिडिंग वाचून दाखवावं तसं, एकही शब्द न गाळता. पहिल्याच दिवशी सरपंचबाई संध्याकाळी सदस्य क्रमांक चारच्या घरी जाते. त्याची वस्तीवर बोअरची जुनी मागणी आहे. पर्याय तीन: बोअरचा शब्द द्या, त्याच्या पोराच्या नोकरीचा विषय काढा, काही न बोलता निघून या. आप्पा थांबले. मला वाटलं विचार करतायत. मिनिटभरानं म्हणाले, "चहा घेतला का?"

"कुणी?"

"तिनं. त्याच्या घरात. चहाचं काय लिवलंच न्हाईस की."

मी म्हटलं चहा सगळीकडं असतोच, त्यात काय लिहायचं. त्यावर त्यांनी चष्मा काढला, म्हणजे आता अर्धा तास गेला. सांगणं असं की ज्याच्या मनात काही नाही तो बस म्हणतो, आत चहाला सांगतो आणि हातातलं काम चालू ठेवतो. बैलाला वैरण टाकता टाकता बोलतो. फुटलेल्या माणसाकडं सरबराई असते. "सतरंजी झाडून टाकील. 'दुधाचा कर गं' म्हणून आत हाक मारील. पोहे आलं की समजायचं, गेलं हे मत." आणि आपण चहा नको म्हटला तर चेहऱ्यावर सुटका दिसते, ती बघायची. त्यांनी चार अविश्वास ठराव जवळून पाहिलेत; चारही वेळा, म्हणे, निकाल त्यांना आदल्या दिवशी ठाऊक होता. तहसीलदार अध्यक्षस्थानी बसायच्या आतच त्यांनी मनात मतं लिहून टाकलेली असायची.

त्या रात्री मी सगळ्या पट्ट्या काढून टाकल्या. आकडे आत राहिले, खेळणाऱ्याला दिसायचे बंद झाले. त्याजागी सतरंजी आली, पोहे आले, दारात कुणाची मोटरसायकल उभी आहे ते आलं. ग्लोरिया टोरीनं बदललेला विषय मला तेव्हा कुठं नीट कळला.

पुढचे आठ-दहा दिवस आप्पांनी मला जे कारस्थान शिकवलं ते ऐकून मी चाट पडले. ज्यांना आम्ही आयुष्यभर 'आपण बरं, आपलं दप्तर बरं' म्हणताना ऐकलं, ते आप्पा! उदाहरणार्थ सहल. नोटीस पडली की विरोधी गट आपले सदस्य गाडीत घालून गायब करतो हे मला माहीत होतं, गेममध्ये होतंही, पण मी ते पहिल्याच रात्री घातलं होतं. चूक. "पैल्या दिवशी न्हेलं तर सात दिवस लॉजचं बिल कोण भरणार? गाडी निघती तिसऱ्या-चौथ्या दिवशी. सभेची तारीख हातात पडल्यावर." आधी कुठल्यातरी देवळात बेलभंडारा उचलायला लावायचा, मग गोवा. शपथेला देव आणि मुक्कामाला समुद्र. फोन एका पिशवीत गोळा. सभेच्या दिवशी गाडी थेट पंचायतीच्या दारात, मध्ये कुणाशी बोलायला सवड नाही.

मी विचारलं, मग बाईनं काय करायचं? मी पर्याय दिले होते: पोलिसात तक्रार, आमदारांना फोन, गोव्याला माणूस पाठवणे. आप्पांनी तिन्हीवर मान हलवली. "म्हातारीकडं जायाचं." सदस्याच्या आईकडं. सून काही बोलणार नाही, तिला नवऱ्याचं कळतं तेवढंच. आईला मात्र पोरगं रोज कुठूनतरी फोन करतंच, पिशवीत फोन असला तरी लॉजच्या काउंटरवरून करतं. तिच्यापाशी बसायचं, तांदूळ निवडू लागायचं, ठरावाचं नावसुद्धा काढायचं नाही. मी तो प्रसंग लिहिला. माझ्या मते गेममधला तोच सगळ्यात चांगला उतरलाय, आणि त्यात खेळणाऱ्याला निवडायला फक्त एवढंच आहे की किती वेळ बसायचं.

माणसाच्या बोलण्यावरूनही त्यांचे आडाखे होते. 'बघू' म्हणजे भाव ठरायचाय, 'करू की' म्हणजे नाही, आणि तोंडावर शिव्या घातल्या तर तो आपला. शेवटचं मला पटलं नाही. मला ऑफिसात तोंडावर शिव्या घालणारे कुणीही माझे नव्हते. पण कोडमध्ये घातलं.

मग डोळा दुसरा झाला, पट्टी निघाली, आणि गावी जायच्या आदल्या दिवशी आप्पा म्हणाले, आता पहिल्यापासून खेळतो, तू बोलू नकोस.

इथं एक सांगायला हवं. गेमच्या अगदी सुरुवातीला, नोटीस आल्यावर, सरपंचबाईच्या नवऱ्याचा फोन वाजतो. पलीकडं उपसरपंच. नवरा म्हणतो, तू राहू दे, मी बघतो. फोन घ्यायचा की राहू द्यायचा? राहू दिला तर पुढं प्रत्येक ठिकाणी नवरा बोलून येतो आणि तुम्हाला फक्त त्यानं सांगितलेलं वाचायला मिळतं: "झालं बोलणं. आपलाच आहे तो." सतरंजी दिसत नाही, पोहे दिसत नाहीत. ही माझी कल्पना, आणि मला तिचा फार अभिमान आहे.

आप्पांनी फोन राहू दिला. इतकं सगळं मला शिकवून, एका क्लिकमध्ये.

मी बोलणार नव्हते, तरी बोलले. "का?"

"तसंच असतंय," ते म्हणाले. मला राग आला. अजून थोडा आहे. ज्या बायकांच्या शेजारच्या खुर्चीत बसून ह्यांनी इतकी वर्षं प्रोसिडिंग लिहिलं, त्यांच्यातल्या किती जणींच्या हातातला फोन असा गेला असेल, आणि हे लिहीत राहिले असतील.

पुढचं तर त्याहून. कारस्थान एकही नाही. जिथं जिथं 'काही न बोलता निघून या' होतं तिथं तिथं त्यांनी तेच दाबलं. म्हातारीकडं गेले, एकच मिनिट बसले. सहाव्या दिवशी गेममधला ग्रामसेवक सरपंचबाईला विचारतो, "ताई, उद्या मी रजेवर जाऊ का?" त्यानं रजा टाकावी असं तुम्ही सुचवू शकता, दप्तर सापडत नाही असं म्हणायला लावू शकता. हा चौकोन मी त्यांना आधी दाखवला नव्हता. आप्पांनी तो दोनदा वाचला, मनात. मग 'कामावर या' दाबलं आणि पाणी मागितलं.

सभा. ठरावाच्या बाजूचे हात एकेक करून वर येतात, मध्ये थांबा दिलाय. सात, आठ, नऊ. ठराव मंजूर, नऊ विरुद्ध दोन. बाईंचं स्वतःचं एक.

"दुसरं कुणाचं?" आप्पांनी विचारलं.

मला सांगता येईना. त्यांनी कुणालाच धरलं नव्हतं, सगळे जायला हवे होते. फाइल उघडून पाहिलं. सदस्य क्रमांक नऊ, वॉर्ड तीनच्या राखीव जागेवरची एक वयस्क बाई. तिच्या घरी जायचा प्रसंगच मी लिहिला नव्हता, पुढं लिहू म्हणून राहून गेलेला. विरोधकांनी तिला गाडीत घेतल्याचाही चौकोन नव्हता. त्यामुळं सुरुवातीला टाकलेला आकडा सात दिवस कुणी हलवलाच नाही, पंचावन्न होता तो पंचावन्नच राहिला. साधा बग. माझ्यासारखीनं तर पहिल्या तासात पकडायला हवा होता.

मी म्हटलं, आत्ता दुरुस्त करते, दहा विरुद्ध एक होईल.

"राहू दे," आप्पा म्हणाले. "आमच्यात पण असायची अशी एक."

कोण, कुठल्या गावात, ते त्यांनी सांगितलं नाही. सकाळी सहाच्या एसटीला त्यांना स्वारगेटला सोडलं. आल्यावर माझ्या बगच्या यादीत नवी नोंद केली: सदस्य_९, कुणीही न भेटता बाजूनं मत. स्टेटस अजून 'ओपन' आहे.