आमची वाटचाल : वाइंडिंगच्या गाळ्यातून सर्व्होच्या सप्लायकडे

सुरुवातीला नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या गाळ्यात आम्ही फक्त ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग करायचो, स्टॅबिलायझरवाले, वेल्डिंगवाले, कोणीही या. मग सातपूरकडून सीएनसी राउटरवाले (कॉम्प्युटरवर चालणारी लाकूड कोरायची मशीनं) यायला लागले आणि सगळ्यांचं रडगाणं एकच, मशीन मस्त चालतं पण जोरात पळणारा अ‍ॅक्सिस थांबायला गेला की सप्लाय बंद, जॉब अर्धवट आणि सागवानाचं नुकसान वेगळंच.

बरं, सप्लाय खराब नसायचाच हो. सर्व्होला, म्हणजे अ‍ॅक्सिस पळवणाऱ्या मोटारीला, ब्रेक लागतो तेव्हा मोटार जनरेटर होते, करंट ड्राइव्हमधून (मोटार चालवणाऱ्या सर्किटमधून) उलटा येतो, साधा एसएमपीएस (स्विचिंगवाला पॉवर सप्लाय) तो लाइनला परत देऊ शकत नाही, मग व्होल्टेज चढतं आणि ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन त्याला बंद करतं. म्हणजे बिचारा स्वतःचं काम चोखच करतोय!

टोरॉइड, म्हणजे कड्यासारखा गोल ट्रान्सफॉर्मर, गुंडाळायला आमचा हात बसलेलाच होता. टोरॉइड, एसीचं डीसी करणारा डायोडचा ब्रिज, उलटी आलेली एनर्जी पोटात घेणारे दांडगे कपॅसिटर, एवढंच. ४८ व्होल्टची एसी सेकंडरी (आउटपुटची वाइंडिंग) काढली की ब्रिजनंतर साधारण ६६ डीसी मिळतात, ४८ गुणिले १.४१४ आणि डायोडचे दोनेक व्होल्ट वजा. ड्राइव्ह ८० चा असला की गिऱ्हाईक म्हणतं ७५ काढून द्या ना, स्पीड वाढेल. नाही देत. लाइन २३० ची २५० झाली की आमच्या ६६ चे ७२ होतात, आणि ब्रेकिंगला वर चढायला जागा नको का?

१० अँपिअरला २२,००० मायक्रोफॅरड टाकतो, रिपल (डीसीतला चढउतार) चारेक व्होल्ट राहतो, सर्व्होला चालतो तेवढा. उभ्या झेडवर (वर-खाली जाणाऱ्या अ‍ॅक्सिसवर) जड स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटार, असेल तर नुसते कपॅसिटर पुरत नाहीत, तिथे व्होल्टेज ठरावीक हद्दीवर गेलं की रेझिस्टर मध्ये आणणारं शंट सर्किट लावतो, जास्तीची एनर्जी उष्णता होऊन जाते. टोरॉइड ऑन होताना एमसीबी पाडतो म्हणून सुरुवातीचा झटका रोखणारा सॉफ्ट स्टार्ट. आणि कपॅसिटर रिकामे करणारा ब्लीडर रेझिस्टर प्रत्येक युनिटला, कोणी नको म्हटलं तरी, कारण मेन बंद केला तरी कपॅसिटर भरलेले असतात आणि पॅनलवाली पोरं बिनधास्त पाना घालतात.

आता सिन्नरकडूनही ऑर्डरी येतात. बॉक्स उचलून ‘एवढं जड?’ म्हणणारे अजून भेटतातच. त्यांना आम्ही विचारतो, मोटार किती, ड्राइव्ह किती व्होल्टचा, झेडवर किती किलो लटकलंय, ते सांगा, कोटेशन संध्याकाळपर्यंत देतो.