येऊरची कुसळं

दिवाळीनंतरच्या रविवारी ठाण्याच्या येऊरच्या जंगलात जायचा बेत माझा होता. त्याचा विचका केला दादानं, म्हणजे माझ्या मामेभावानं. तो यंदा दुसऱ्यांदा अंटार्क्टिकाला निघालाय, भारताच्या मैत्री केंद्रावर जनरेटर सांभाळायला. नवे बूट पायात मुरवायचे होते, म्हणून सोबत आला.

चेकनाक्यापर्यंत रिक्षा, पुढे पायी. सकाळचे साडेसात, तरी एका बंगल्यात रात्रीची गाणी चालूच होती. येऊरला शांततेसाठी जा असं सांगणाऱ्यांनी रविवारी येऊन दाखवावं. पाटोणपाड्याच्या पुढे कमरेएवढं वाळकं गवत, एक मोर फक्त ऐकू आला, ओढा आटलेला. परत फिरलो आणि टपरीवर चहा सांगितला.

दादानं बूट काढले, बाकावर पेपर पसरला, खिशातून सेफ्टी पिन आणि जुना टूथब्रश काढला, आणि एकेक कुसळ उपसायला बसला. मोज्यातली झाली, मग लेसची भोकं, मग सॅकचं वेल्क्रो, खरखरीत बाजू उजेडात धरून. वर मोजतही होता. माझा दुसरा चहा संपला, डोक्यावर ऊन आलं, डास चावत होतेच.

"अरे, बर्फात काय उगवणारे हे?"

"हे नसेल उगवत. पण काय उगवेल हे तू ठरवणार की मी?"

मग त्यानं अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटाची गोष्ट काढली. १९६०च्या दशकात दक्षिण जॉर्जिया बेटावरून तिथे रोपं नेऊन लावली, या थंडीत जगतात का बघायला. मुळांच्या मातीतून एक किडा आला. चिलटाच्या जातीचा, पण न उडणारा. नर लागतच नाही, माद्या एकट्याच अंडी घालतात.

"म्हणजे एक पोचली तरी पुरे," दादा म्हणाला आणि टाचेतलं कुसळ ओढलं.

या किड्याच्या अळ्या कुजका पाला-शेवाळ खातात. जिथे त्या आहेत तिथल्या मातीत नायट्रोजन तीन ते पाच पट झालाय.

"बरंच की, फुकटचं खत!"

"अगं, तिथली शेवाळं, दगडफुलं उपाशी मातीत जगायला शिकलीत. खत टाकलंस तर बाहेरच्या गवताचं फावणार." किडा पसरतोय तोही माणसांच्या वाटांच्या कडेनं. बुटांना माती लागते, तिच्यातून.

मसाल्यातल्या दगडफुलाचा मी असा विचार कधी केला नव्हता, हे कबूल.

तिकडच्याच किंग जॉर्ज बेटावर तर पंखवालं चिलट आलं. २००६ साली उरुग्वेच्या केंद्राच्या सांडपाण्यात सापडलं. बाहेर गोठवणारी थंडी, आत ऊब आणि खायला-प्यायला. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या सोसायटीची टाकी आली.

२००७-०८च्या मोसमात अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचे कपडे, बॅगा व्हॅक्युमनं झाडून तपासले होते. ज्यांच्याकडे बिया निघाल्या, त्यांच्याकडे सरासरी साडेनऊ. त्यातही पर्यटकांपेक्षा शास्त्रज्ञांकडे जास्त!

"आणि जनरेटरवाल्यांकडे?"

त्यानं पेपर माझ्याकडे सरकवला. त्रेपन्न.

मी उठून सामान आवरायला लागले, तर माझी ओढणी मागच्या झुडपात अडकली. घाणेरी. मी वैतागून शिवी दिली. दादा हसला. "हीसुद्धा अमेरिकेतून आली, फुलं छान दिसतात म्हणून."

पेपराची पुडी त्यानं झटकली नाही. टपरीवाल्या काकूंना विचारून थेट चुलीत टाकली. काकूंना वाटलं मंतरलेलं काहीतरी आहे. त्यांनी हात जोडले. मी हसू दाबत पैसे दिले, चार चहांचे.

रिक्षात माझ्या डाव्या पायाला सारखं टोचत होतं. घरी दारातच पायरीवर बसून मोजा उलटा केला आणि आईला आतून सुई मागितली.