तुम्ही विचारलंत म्हणून: भायखळ्याचं रिचर्डसन

2020 पासून मला एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. मुंबईतलं कुणी भेटलं की हमखास. ‘भायखळ्याचं रिचर्डसन अँड क्रूडास म्हणजे ते कोविड सेंटरच ना?’ हो, तेच. पण साखर कारखान्याच्या मिल हाउसमध्ये, म्हणजे ऊस गाळतात त्या विभागात, माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे नुसतं ‘हो’ म्हणून मला गप्प बसवत नाही.

ती कंपनी 1858 सालची. लोखंडी बांधकामात तिचं मोठं नाव होतं. पुढे साखर कारखान्यांची यंत्रंही तिनं बनवली. 1957 मध्ये एलआयसीनं उद्योगपती हरिदास मुंदडाच्या ज्या सहा अडचणीतल्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम घातली, त्यांतली ही एक. खासदार फिरोज गांधींनी लोकसभेत प्रकरण लावून धरलं, न्या. छागलांची चौकशी झाली, अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. 1972 मध्ये कायदा करून सरकारनं कंपनी ताब्यात घेतली.

मला ती कळली आमच्या हेड फिटरमुळे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. तरुणपणी त्यांनी भायखळ्याला काम केलेलं. जून-जुलैत दुरुस्तीसाठी मिल उघडली की रोलरपूजनाच्या आधी मामा एकटेच रोलरपाशी जायचे आणि दात्यांवरून अंगठा फिरवायचे. मिलचा रोलर म्हणजे पोलादी शाफ्टवर तापवून चढवलेलं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, जाड कवच, वजन कित्येक टन. बीड मुद्दाम भरड दाण्याचं घेतात, कारण गुळगुळीत झालेला रोलर ऊस ओढत नाही, घसरतो. म्हणून तर हंगामात चालत्या रोलरवर, अंगावर रस उडत असताना, वेल्डर दात्यांवर वेल्डिंगचे ठिपके टाकत उभा असतो. कुठला दाता किती झिजलाय ते मामा आधी बोटानं सांगायचे, गेज नंतर लागायचं.

एका जानेवारीत, ऐन गळितात, आमच्या तिसऱ्या मिलच्या क्राउन पिनियनचा दात तुटला. वरच्या रोलरची गती खालच्या दोन रोलरना देणारं हे चक्र. मिल ज्यांनी बनवली ती खाजगी कंपनी तोवर बंद पडलेली. ड्रॉइंग नाही, फौंड्रीला ओतकामासाठी द्यायला पॅटर्न, म्हणजे नमुना, नाही. गाडीतळावर बैलगाड्यांची रांग आणि उन्हात वाळणारा ऊस. तोडलेला ऊस वाळला की वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो, आणि ते नुकसान सभासदाच्या बिलात उतरतं. मामांनी चांगल्या दाताला काजळी फासली, ब्राउन पेपरवर ठसा घेतला, त्यावरून पत्र्याचा टेम्प्लेट कापला, रात्रभर कानस मारत बसले. त्या टेम्प्लेटवरून पिनियन होऊन आलं. पाच दिवस ऊस टाकायची गव्हाण रिकामी होती.

तुम्ही पुढे हेही विचारता, की साखरेची यंत्रं सरकारनं कशाला बनवायची? माझं उत्तर त्या पाच दिवसांत आहे. मिल पाचेक महिने चालते, उरलेले महिने उघडून दुरुस्त होते, आणि हे चाळीस चाळीस वर्षं चालतं. तेवढी वर्षं ड्रॉइंग, पॅटर्न आणि हात शिकलेली माणसं सांभाळणारं कुणीतरी लागतं. नफा आटला की खाजगी मालक दुसऱ्या धंद्याकडे वळणार, त्याला दोष देत नाही मी. पण शेतकऱ्यांच्या शेअरवर उभ्या राहिलेल्या कारखान्यांमागे सरकारनं एवढं तरी उभं राहायला हवं होतं. रिचर्डसनही आजारी उद्योगांत गेली, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिथे नुसती यंत्रं बनली नाहीत, मामांसारखी माणसं घडली. कोविडच्या दिवसांत त्या जागेत खाटा मांडल्या, लोक बरे होऊन घरी गेले, हे चांगलंच झालं. पण टीव्हीवर ते नाव ऐकलं तेव्हा मला आधी मामांचा अंगठा आठवला.

तो टेम्प्लेट आमच्या स्टोअरमध्ये खिळ्याला टांगलेला असायचा. निवृत्त व्हायच्या आदल्या दिवशी मी तो उतरवला, गंज घासून तेल लावलं आणि नव्या इंजिनिअरला दाखवून म्हटलं, ‘साहेब, हा भंगाराच्या लिलावात घालू नका. तिसऱ्या मिलचा आहे.’