केल्टिक कलर्स: केप ब्रेटन बेटावरील गावोगावचा संगीतोत्सव

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कॉशिया प्रांताच्या टोकाला असलेल्या केप ब्रेटन बेटावर दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात ‘केल्टिक कलर्स’ नावाचा नऊ दिवसांचा संगीतोत्सव होतो. केल्टिक म्हणजे स्कॉटिश, आयरिश आदी लोकांच्या परंपरेचे. मोठा संगीतोत्सव म्हटले की विस्तीर्ण मैदान, भव्य व्यासपीठ आणि हजारोंची गर्दी असे चित्र आपल्या मनात उभे राहते. येथे त्यातले जवळजवळ काहीच नाही. हा उत्सव बेटभर विखुरलेला आहे. चर्चला जोडलेली सभागृहे, शाळांचे व्यायामाचे हॉल, अग्निशमन केंद्रे आणि गावकऱ्यांनी स्वतः उभारून सांभाळलेली लाकडी समाजगृहे हीच त्याची ठिकाणे. एकाच संध्याकाळी एकमेकांपासून पन्नास-शंभर किलोमीटर दूर असलेल्या गावांत मैफली चालू असल्यामुळे सगळे ऐकण्याचा हट्ट आरंभीच सोडून द्यावा लागतो.

मी प्रांताची राजधानी हॅलिफॅक्सहून मोटारीने निघाले. सुमारे तीन तासांनी कान्सोची सामुद्रधुनी येते आणि तिच्यावर टाकलेल्या दगडी भरावाच्या रस्त्यावरून बेटात प्रवेश होतो. हा रस्ता १९५५ साली खुला झाला. तोवर बेटावर जायचे तर बोटीवाचून गत्यंतर नव्हते. प्रांताचे तेव्हाचे प्रमुख आंगस एल. मॅकडोनाल्ड हे केप ब्रेटनचेच सुपुत्र, आणि हा रस्ता शंभर बॅगपाइपवादकांच्या मागून चालत ओलांडावा असे त्यांचे स्वप्न होते. रस्ता खुला होण्याच्या आदल्याच वर्षी त्यांचे निधन झाले, पण उद्घाटनाच्या दिवशी वादक आले आणि पाइप वाजवत पलीकडे गेले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात या रस्त्यापलीकडच्या टेकड्या मेपलच्या लाल-नारिंगी आणि बर्चच्या पिवळ्या पानांनी भरून जातात, मधूनमधून स्प्रूसची गर्द हिरवी झाडे उठून दिसतात. उत्सवाच्या नावातले रंग ते हेच.

उत्सव १९९७ साली सुरू झाला. जोएला फोल्ड्स आणि मॅक्स मॅकडोनाल्ड यांनी तो उभा केला तेव्हा बेटाची अवस्था बिकट होती. कॉड माशांचे साठे आटल्याने १९९० च्या दशकाच्या आरंभीच सरकारला त्या मासेमारीवर बंदी घालावी लागली होती, कोळशाच्या खाणी बंद पडत चालल्या होत्या आणि पर्यटक सप्टेंबर उलटला की परतीची वाट धरत. हंगाम ऑक्टोबरपर्यंत लांबवावा हा व्यावहारिक हिशेब या उत्सवामागे होता, आणि तो होता म्हणून उत्सवाचे मोल कमी होते असे मला मुळीच वाटत नाही. दाखवण्यासाठी संगीत नव्याने घडवावे लागले नाही. ते येथे घराघरांत होतेच.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातून आणि पश्चिमेकडील बेटांवरून हजारो कुटुंबे येथे आली. जमीनदारांना मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमीन हवी होती आणि कुळे नकोशी झाली होती. ही माणसे गेलिक ही स्कॉटलंडची जुनी भाषा बोलणारी होती आणि येताना गावेच्या गावे एकत्र आली, म्हणून माबू परिसरात लॉखाबरकडची, आयोना परिसरात बॅरा नावाच्या बेटावरची, तर सेंट ॲन्सच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर लुइस आणि हॅरिसकडची कुटुंबे वसली. उच्चार, गाणी आणि वादनाच्या लकबी त्यांनी त्या त्या वस्तीत सांभाळल्या. आजही येथे नव्या माणसाला ‘तुमचे वडील कोण?’ असा प्रश्न हमखास विचारतात, आणि मंचावरचा वादक एखादी धून वाजवण्यापूर्वी ती कोणाकडून शिकलो, त्याला ती कोणी दिली, हे सांगतो. मला हा प्रश्न विचारणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी माझ्या वडिलांचे नाव आणि गाव ऐकून घेतले, ते गाव समुद्रापासून किती लांब आहे याची चौकशी केली, आणि मगच मला बसायला खुर्ची ओढून दिली.

ही ओळख एका गावजेवणात झाली. उत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत मैफलींइतकीच अशा जेवणांची नोंद असते, आणि कॅनडाचा थँक्सगिव्हिंगचा सण याच दिवसांत, ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, येत असल्याने त्यांना घरच्या सणाचे स्वरूप येते. लांब टेबलांवर अनोळखी माणसे शेजारी शेजारी बसतात. वाढणाऱ्या बहुतेक गावातल्याच बायका असतात आणि जेवणाचे पैसे छताच्या डागडुजीला किंवा हिवाळ्यात सभागृह उबदार ठेवणाऱ्या तेलाला जातात. मी शाकाहारी असल्याचे कळल्यावर माझ्यापुढे भाजलेले वाल, गरम पाव, काकवी, ओटची जाडसर बिस्किटे आणि कडक चहा आला. जेवण आटोपल्यावर टेबले भिंतीशी सरकवून खुर्च्यांच्या रांगा लावण्याच्या कामाला पाहुण्यांनीही हात लावला, आणि त्याच खोलीत मैफल सुरू झाली.

केप ब्रेटनच्या संगीताचा प्राण म्हणजे फिडल. वाद्य व्हायोलिनच, पण येथील वादक ते बहुधा खुर्चीवर बसून वाजवतात आणि दोन्ही पायांनी जमिनीवर ताल धरतात. शेजारी पियानो असतो, आणि त्याची साथ मागे मागे चालणारी नसून धुनीला खालून उचलून धरणारी, मध्येच ताल उलटा टाकून वादकाला चेतवणारी असते. वादक एक धून संपवून थांबत नाही. संथ चालीपासून आरंभ करून तो स्ट्रॅथस्पे या झटकेदार स्कॉटिश नाचधुनीवर येतो, तेथे गजाच्या तुटक आघातांनी ताल घट्ट बांधतो, आणि मग एका क्षणी रील या जलद नाचधुनीच्या वेगात शिरतो. तो बदल होताच सबंध सभागृहाच्या पायांना कळते. स्कॉटलंडमध्ये पुढे वादन नागरी मैफलींच्या वळणाने गेले. येथे मात्र ते नाचणाऱ्याच्या पायाशी बांधलेले राहिले आणि त्यामुळे त्याचा जुना बाज टिकला, असे मला अनेकांनी सांगितले आणि ऐकताना पटलेही.

हे टिकणे आपोआप घडलेले नाही. १९७१ साली सीबीसी या सार्वजनिक वाहिनीच्या एका माहितीपटाने केप ब्रेटनचा फिडलवादक लुप्त होत चालला आहे असे मांडले. बेटावरच्या लोकांना ते झोंबले. वाद घालत बसण्यापेक्षा त्यांनी वादक मोजायला आणि जमवायला सुरुवात केली, आणि १९७३ साली ग्लेनडेल या लहानशा गावात फादर जॉन आंगस रँकिन यांच्या पुढाकाराने भरलेल्या मेळाव्यात शंभराहून अधिक फिडलवादक एकत्र वाजवायला उभे राहिले. मुलांसाठी वर्ग निघाले, वादकांची संघटना झाली. आज जगभर फिरणारे येथील अनेक कलावंत त्या जागृतीनंतरच्या पिढीचे आहेत, आणि केल्टिक कलर्सची पायाभरणी माझ्या मते १९९७ मध्ये नव्हे, तर ग्लेनडेलमध्येच झाली.

ज्यूडीक गावात त्या आधीच्या पिढीचे मोठे नाव म्हणजे बडी मॅकमास्टर (१९२४–२०१४). ते रेल्वेत स्टेशनमास्तरकीची नोकरी करत आणि संध्याकाळी गावोगावच्या नाचांसाठी वाजवत. त्यांचा पहिला स्वतंत्र ध्वनिमुद्रित संग्रह आला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. पुढे स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील गेलिक महाविद्यालयात त्यांना शिकवायला बोलावण्यात आले. ज्या भूमीतून त्यांचे पूर्वज हाकलले गेले, तिथल्या तरुणांना तिथलीच जुनी वादनपद्धती शिकवायला बेटावरचा एक निवृत्त रेल्वे कर्मचारी गेला, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत न्याय्य घटना वाटते. ज्यूडीकमध्ये आता केल्टिक संगीताचे केंद्र आहे आणि तेथे फिडल हातात देऊन पाहुण्यांना गज कसा धरायचा हेही दाखवतात.

मला मैफलींपेक्षा नाच अधिक भावला. इन्व्हरनेस भागातील चौरस नाचात पहिल्या दोन फेऱ्या जिग या उसळत्या चालीच्या नाचधुनीच्या आणि तिसरी रीलची असते. सूचना ओरडून देणारा कोणी नसतो, कारण बहुतेकांना पावले लहानपणापासून ठाऊक असतात. मी भिंतीशी उभी होते तेव्हा एका आजींनी माझा हात धरून मला रांगेत ओढले आणि पुढची फेरी संपेपर्यंत खांद्याला हलके ढकलून दिशा दाखवली. दोन नाचांच्या मधे वादक स्ट्रॅथस्पे धरतो, मंडळी वर्तुळ करतात आणि एकेक जण पुढे येऊन एकट्याने पदन्यास करतो. शरीराचा वरचा भाग जवळजवळ स्थिर आणि पाय जमिनीलगत, अत्यंत बारीक. शाळेतली मुलगी, तिच्यामागे रस्तादुरुस्तीचा केशरी जॅकेट घातलेला माणूस, त्याच्यामागे सत्तरीपुढचे गृहस्थ, असे पाठोपाठ आले आणि टाळ्या सर्वांना सारख्याच मिळाल्या.

सेंट ॲन्सच्या बाजूला एका दुपारी मी लोकर मळण्याच्या गाण्यांना गेले. पूर्वी हातमागावरून उतरलेले लोकरी कापड घट्ट आणि ऊबदार व्हावे म्हणून ते शिळ्या मूत्रात भिजवून लाकडी फळीवर आपटत. आता कापड साध्या पाण्याने ओले करतात, गाणी मात्र तीच आहेत. टेबलाभोवती दहा-बारा माणसे बसतात, कापडाची दोन्ही टोके जोडून केलेले वेटोळे सर्वांच्या हातात असते, आणि ते आपटत, आपल्याकडे ओढत, शेजाऱ्याकडे सरकवत गोल फिरत राहते. एक जण गेलिकमध्ये कडवे म्हणतो, बाकीचे ध्रुवपद उचलतात. स्कॉटलंडमध्ये हे काम केवळ बायकांचे होते. केप ब्रेटनमध्ये पुरुषही टेबलाशी बसू लागले. मला साहजिकच जात्यावरच्या ओव्या आठवल्या, परंतु फरकही जाणवला. जात्यावरची बाई पहाटे एकटी किंवा जोडीने दळते आणि मनातले सांगते, तर येथे गाणे दहा जणांचे हात एकाच क्षणी खाली यावेत म्हणून आहे. माझा हात चुकला की शेजारच्या बाईंचा हात लगेच माझ्या मनगटाशी येऊन लय लावून देई.

त्याच टेबलाशी या उत्सवातले एक दुखरे वास्तवही दिसले. ध्रुवपद सगळे म्हणत होते, पण कडव्यांचा अर्थ कळणारी माणसे थोडी होती. फिडल टिकली तशी भाषा टिकली नाही. शाळेत गेलिक बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे, आणि पुढे आईवडिलांनीच मुलांच्या भल्यासाठी घरात इंग्रजी आणली. संगीत परक्यालाही आवडते, त्याला बाजार मिळतो. भाषेला तो सहज मिळत नाही. म्हणूनच उत्सवाच्या गजबजाटापेक्षा मला माबूची एक बातमी मोठी वाटली. २०२१ साली तेथे गेलिक माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू झाली आहे. ती सेंट ॲन्सच्या गेलिक महाविद्यालयाने काढली, आणि ते महाविद्यालय १९३८ पासून चालू आहे.

या बेटाचे मूळ मालक मिगमॉ लोक. ते बेटाला उनामागी म्हणतात. ब्रा डोर सरोवराच्या काठी एस्कासोनी ही त्यांची मोठी वसाहत आहे, आणि तेथील ली क्रेमो (१९३८–१९९९) यांनी स्कॉटिश धुनी आपल्या हाताच्या वळणाने वाजवून फिडलवादनाच्या अनेक स्पर्धा जिंकल्या होत्या. उत्सवात आता मिगमॉ कलावंत ढोल, आपल्या भाषेतली गीते आणि फिडल एकत्र आणतात. स्वतःच्या भूमीवरून हुसकावलेली माणसे दुसऱ्यांच्या भूमीवर वसली, ही गोष्ट मंचावरून आता स्पष्ट शब्दांत सांगितली जाते, आणि तशी ती सांगितली गेलीच पाहिजे.

रात्री अकराच्या सुमारास, गावोगावच्या मैफली संपल्या की कलावंत सेंट ॲन्सच्या महाविद्यालयातील ‘फेस्टिव्हल क्लब’कडे येतात. येथे कोण वाजवणार हे आधी जाहीर होत नाही. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातले बंबार्ड हे सनईसारखे वाद्य वाजवणारे, आयर्लंडचे बासरीवादक आणि इन्व्हरनेसचा पियानोवादक कधी पहिल्यांदाच भेटतात आणि दोन धुनींतच एकमेकांना ओळखू लागतात. हे पहाटे तीनपर्यंत चालते. जाणाऱ्यांनी मुक्काम जवळच, बॅडेककडे ठेवावा. रस्ते अंधारे आहेत, वळणावर हरणे आडवी येतात, आणि सार्वजनिक वाहनांची सोय नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी नाचात हात धरणाऱ्या आजी पुन्हा भेटल्या. पुढच्या खेपेस ऑक्टोबरात येऊ नका, जुलैत या, असे त्यांनी मला बजावले. उन्हाळ्यात ग्लेन्को मिल्सच्या हॉलमध्ये गुरुवारी नाच असतो, आरक्षण लागत नाही, दारात पैसे द्यायचे आणि आत यायचे. मी जुलैची तिकिटे पाहायला सुरुवात केली आहे.