बेचाळीस अक्षरांसाठी अडीच महिने

कुजक्या ओंडक्यावर एक करडं भूछत्र उगवलं होतं. तीन पुस्तकं चाळली, तिन्हींत वेगवेगळी नावं निघाली. म्हटलं, आता त्याच्या डीएनएलाच विचारू. जनुकं बदलायची नव्हती, फक्त वाचायची होती. हे वाक्य पुढे इतक्यांदा लिहावं लागलं की आता झोपेतही म्हणेन.

डीएनएच्या असंख्य नकला काढणारं जुनं पीसीआर यंत्र मिळालं. त्या नकला पट्टीच्या रूपात दाखवणारी जेलची पेटी प्लास्टिकच्या डब्यातून जमवली. गाडी अडली ती प्रायमरपाशी.

प्रायमर म्हणजे डीएनएचे चिमुकले तुकडे. नक्कल कुठून कुठपर्यंत काढायची, ते यांच्यावरून ठरतं. बुरशी ओळखायला आयटीएस नावाचा भाग वाचतात. २०१२ पासून तोच तिचा बारकोड मानला जातो. त्यासाठी आयटीएस१एफ आणि आयटीएस४ ही जोडी सर्रास वापरतात. अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतला एक दुवा. एक प्रायमर २२ अक्षरांचा, दुसरा २० अक्षरांचा. झाली ४२.

प्रायमर बनवून देणाऱ्या पुरवठादाराच्या फॉर्मवर तीन रकाने सक्तीचे: संस्थेचं नाव, विभागप्रमुख, जैवसुरक्षा अधिकारी. मी पहिल्यात ‘वैयक्तिक’ लिहिलं आणि उरलेल्या दोन्हींत स्वतःचंच नाव. ऑर्डर रद्द. कारण विचारलं, तर उत्तरादाखल तोच फॉर्म परत आला. मग प्रयोगाचं वर्णन पाठवलं. ते वाचून कुणीतरी विचारलं, अंतिम वापर काय? भूछत्राचं नाव शोधणे, असं कळवलं. आठवडाभराने दुसऱ्याच कुणाची सही असलेली मेल: कृपया प्रयोगाचं वर्णन पाठवा. फोन केला तर म्हणे, घरच्या पत्त्यावर आम्ही पाठवत नाही, पण तुमचा अर्ज विचाराधीन आहे. मग विचार कसला चाललाय, हे विचारायच्या आत फोन ठेवला गेला.

अख्खं जनुक बनवून मागणाऱ्याची कसून चौकशी व्हावी, याबद्दल माझं दुमत नाही. तो क्रम, म्हणजे अक्षरांची ती मांडणी, एखाद्या घातक जंतूची तर नाही ना, हे बघायलाच हवं. पण माझी ४२ अक्षरं शोधनिबंधांतून जगजाहीर आहेत. ती कुणी ताडून पाहिलीच नाहीत. पाहिला तो फक्त पत्ता.

एका रात्री वैतागून खोट्या प्रयोगशाळेचं नाव टाइपही केलं होतं. पाठवलं नाही. तुम्हीही पाठवू नका. ते उघडं पडलं की पुढच्या प्रत्येक हौशी माणसाकडे संशयाने बघितलं जातं.

सुटका झाली ती सामुदायिक प्रयोगशाळेमुळे, म्हणजे हौशी माणसालाही सदस्य होऊन वापरता येते अशा प्रयोगशाळेमुळे. ब्रुकलिनमध्ये २०१० साली जेनस्पेस सुरू झाली, तशा प्रयोगशाळा आता बऱ्याच ठिकाणी आहेत. अशाच एकीचं सदस्यत्व घेतलं, सुरक्षेचं प्रशिक्षण पूर्ण केलं, त्यांच्या खात्यातून ऑर्डर टाकली. पाच दिवसांत पाकीट हातात! आनंदापेक्षा स्वतःचाच राग जास्त आला. हे पहिल्या आठवड्यात का सुचलं नाही?

पाकिटातल्या दोन्ही नळ्या रिकाम्या दिसल्या आणि मी तक्रार लिहायलाच बसलो होतो. त्या रिकाम्या नसतात. प्रायमर वाळवून पाठवतात, तो तळाशी दिसतही नाही. म्हणून झाकण उघडण्याआधी नळी सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवून सगळं तळाशी बसवणाऱ्या यंत्रात) फिरवून घ्या, नाहीतर झाकणाला चिकटलेला कण उडून जाईल.

पहिलं जेल कोरं निघालं. डीएनए पाणी घालून दहापट पातळ केल्यावर मात्र पट्टी उमटली. बुरशीतले काही पदार्थ पीसीआरला अडवतात, पातळ केल्यावर त्यांचा जोर ओसरतो. सोबत एक नळी डीएनएऐवजी नुसत्या पाण्याची लावा. तिच्यातही पट्टी आली तर सगळं फेकून नव्याने सुरुवात.

क्रम वाचून आला, जीनबँकेत, म्हणजे डीएनए-क्रमांच्या खुल्या संग्रहात, जुळवला. प्रजाती (जीनस) कळली, आणि ती तिन्ही पुस्तकांतल्या नावांपेक्षा वेगळी होती. तिच्यातली नेमकी जात (स्पीशीज) काही नक्की होईना, कारण हाच क्रम तिथे दोन वेगवेगळ्या नावांनी नोंदलेला आहे.

आणि हो, अडीच महिने भूछत्र टिकलं कसं, ते राहिलंच. तोडलं त्याच दिवशी कमी उष्णतेवर खडखडीत सुकवून, सिलिका जेलच्या पुडीसकट घट्ट झाकणाच्या डबीत ठेवलं होतं. फॉर्म भरायला बसण्याआधी हे उरकून घ्या.