शुक्रवारचे काळे ठिपके

भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी. त्यामुळे आमच्या कारखान्यात रडारड व्हायची ती शुक्रवारी सकाळी. आमच्या दीडशे टनी इंजेक्शन मोल्डिंग मशीनवर, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबणाऱ्या मशीनवर, एलईडी दिव्याची पारदर्शक काच निघते. काच म्हणायची एवढंच, माल पॉलीकार्बोनेट, सगळे पीसी म्हणतात. सुट्टीनंतर मशीन तापवलं की पहिले तीन-चार तास प्रत्येक पीसवर काळे ठिपके. ते जाईपर्यंत पंचवीस-तीस किलो पीसी नुसता ओतून टाकायचा. दाणा तेव्हा किलोला अडीचशेच्या आसपास, आणि त्याचा लोंदा झाला की भंगारवाला कवडीमोलाने उचलणार.

मी खरेदी बघते. २०२३ च्या दिवाळीनंतर साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "मॅडम, ते पर्जिंग कंपाउंड काय भावाने मिळतं, जरा बाजार बघा." पर्जिंग कंपाउंड म्हणजे मशीनचं बॅरल, ज्या नळीत स्क्रू प्लास्टिक वितळवत पुढे ढकलतो ती, आतून धुवायचा माल. तीन कोटेशनं मागवायची आणि स्वस्त असेल ते घ्यायचं, आठवड्याभराचं काम, असं मला वाटलं होतं. सहा महिने गेले.

तोवर आमच्याकडे बॅरल धुण्याचे घरगुती उपाय चालायचे. रंग बदलायचा असला की नॅचरल, म्हणजे बिनरंगी, पीपी किंवा एचडीपीई प्लास्टिकचा दाणा सोडत राहायचं, काळ्याचं करडं आणि करड्याचं पांढरं होईपर्यंत. कुणी त्यात कपडे धुवायची पावडर मिसळायचा. ती फेसाळते, थोडी घाण सुटतेही, पण पाण्याचा अंश आणि क्षार स्क्रूला चांगले नाहीत हे कुणाच्या गावी नव्हतं. आमचे मशीन लावून देणारे जुने सेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते कास्ट ॲक्रिलिकचा चुरा वापरायचे. तो वितळत नाही, नुसता मऊ होऊन खरवडत पुढे जातो. पण त्यासाठी नोझल, म्हणजे बॅरलचं पुढचं तोंड, काढून ठेवावं लागतं, आणि ते मामांशिवाय कुणी नीट करत नाही.

डिसेंबरात गोरेगावला प्लास्टिव्हिजन प्रदर्शन होतं, तिथे एक दिवस काढला. या एवढ्याशा वस्तूची इतकी दुकानं असतील असं वाटलं नव्हतं. असाही कासेईचं असाक्लीन, केम-ट्रेंडचं ल्युसिन ही बाहेरची नावं ऐकून होते, शिवाय देशी बनवणारेही होते. बोलता बोलता एवढं कळलं की सगळ्यांच्या मालाची मुळात दोनच घराणी. एक घासणारं: प्लास्टिकमध्ये काच किंवा खनिजाची भुकटी, ती भिंत खरवडत जाते. दुसरं रासायनिक: ते बॅरलमध्ये फुगतं, जळून चिकटलेला थर सैल करतं, पण त्यासाठी दहा-पंधरा मिनिटं आत मुरत ठेवावं लागतं. पहिल्याला घाई चालते, दुसऱ्याला धीर लागतो.

मागणी का वाढतेय, हे प्रदर्शनापेक्षा मला आमच्याच ऑर्डरबुकात जास्त दिसलं. पूर्वी एक रंग पंधरा दिवस चालायचा. आता गिऱ्हाईक पाच रंग मागतं, प्रत्येकी दोन हजार नग, म्हणजे आठवड्यात चार वेळा बॅरल धुणं आलं. हॉट रनरचे, म्हणजे आतल्या वाटा गरम ठेवणारे, साचे वाढले, त्यांच्या कोपऱ्यात जुना रंग दडून बसतो. शिवाय २०२२ च्या फेब्रुवारीत निघालेल्या ईपीआरच्या, म्हणजे प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणाऱ्या, मार्गदर्शक सूचनांनी टणक पॅकेजिंगमध्ये २०२५-२६ साठी ३० टक्के पुनर्चक्रित प्लास्टिक ठरवून दिलं, पुढे वाढवत २०२८-२९ ला ६०. तो पुनर्चक्रित दाणा, आमच्या भाषेत रिप्रो, म्हणजे काय काय घेऊन येईल सांगता येत नाही. झाकणं, बरण्या करणारे शेजारचे कारखानेही त्यामुळे पर्जिंगची चौकशी करू लागले होते.

कोटेशनं आली. देशी ३६० रुपये किलो, आयात केलेलं ८५०. साहेब ८५० चा आकडा बघून हसले, कागद बाजूला ठेवला. खरं सांगायचं तर मीही ठेवला असता. पण आयात मालाचा विक्री प्रतिनिधी नमुना फुकट देत होता, म्हणून दोन्हींची ट्रायल घेतली. वजनकाटा मशीनजवळ आणून ठेवला आणि पहिला चांगला पीस पडेपर्यंत घड्याळ लावलं.

आधी पीपी, काळ्यावरून नॅचरल. जुन्या पद्धतीने १६ किलो दाणा आणि ७५ मिनिटं लागली. दाणा १०५ ने धरला, लोंद्याचे किलोला ३० परत आले, मशीनचा तास ४८० चा, असे सगळे मिळून १८०० रुपये. आयात माल २ किलोत आणि २५ मिनिटांत मोकळा झाला, मागून ३ किलो पीपी सोडावा लागला. खर्च २२१५. देशी अडीच किलो लागला, ३० मिनिटं, मागून तेवढाच पीपी. १४५५. म्हणजे पीपीच्या रंगबदलाला महागडं कंपाउंड आम्हाला तोट्यातच टाकणार होतं. प्रतिनिधीने दाखवलेल्या तक्त्यात मात्र सगळीकडे बचतच होती. त्याने मशीनचा तास दीड हजाराचा धरला होता. मोठ्या मशीनवर तो बरोबरही असेल.

पीसीवर मात्र गणित उलटलं. शुक्रवारी सकाळी रासायनिक आयात माल तीन किलो सोडला, पंधरा मिनिटं मुरवला, मग चारेक किलो पीसी. तासाच्या आत स्वच्छ काच. दोन्ही मिळून साडेतीन हजार रुपये, तेही जिथे सव्वासहा ते साडेसात हजारांचा पीसी जात होता तिथे. देशी माल काच भरलेला होता. तो साच्याच्या हॉट रनरमध्ये नेऊ नये असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलं होतं, बारीक गेट, म्हणजे माल साच्यात शिरायची भोकं, अडकतात. हे वाचायची सवय मला तेव्हापासून लागली. कोटेशनच्या आधी माहितीपत्रक मागवते.

मध्येच एक प्रसंग घडला असता. उरलेला नमुना ॲसिटल नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकच्या मशीनवर मारून बघू म्हणून एका पोराने हॉपरमध्ये, म्हणजे दाणा ओतायच्या डब्यात, हात घातला. मामा धावत आले. ॲसिटल आणि पीव्हीसी एका बॅरलमध्ये भेटले की पीव्हीसीतून सुटलेलं आम्ल ॲसिटलला झटक्यात तोडतं, फॉर्माल्डिहाइडचा वायू आणि दाब, दोन्ही. नमुन्यात पीव्हीसी नव्हतं, पण ते आम्हाला कुठे माहीत होतं? मामा मला म्हणाले, "मॅडम, भाव नंतर विचारा. आधी विचारा, यात काय आहे." त्या मशीनवर आता लाल पाटी आहे.

मार्चमध्ये ऑर्डर देणार, इतक्यात मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली. बुधवारी रात्री पोरं पीसी आत तसाच ठेवून हीटर बंद करतात. पीसी पोलादाला घट्ट धरतो. थंड होताना तो आकसतो आणि भिंतीवरचा जळका थर सोलून घेतो. शुक्रवारी तापवलं की त्याच खपल्या काचेत. म्हणजे आम्ही शुक्रवारी धूत होतो ती घाण बुधवारी रात्री तयार होत होती.

मी प्रतिनिधीला फोन केला. "हो मॅडम, बंद करायच्या आधी मारायचं आणि आतच ठेवायचं, त्यासाठी आमच्याकडे वेगळी ग्रेड आहे," तो शांतपणे म्हणाला. हे तीन महिने का सांगितलं नाही, विचारल्यावर तो म्हणाला, तुम्ही विचारलं नाही. रागही आला आणि पटलंही.

बुधवारी रात्री दीड किलो सोडून, पीसी पुरता बाहेर काढून, स्क्रू पुढे ठेवून मशीन बंद करायचं ठरलं. पहिले दोन बुधवार विसरले. मग मामांनी हीटरच्या स्विचवर चिकटपट्टी लावून त्यावर स्केच पेनने "कंपाउंड?" लिहिलं. तिसऱ्या शुक्रवारी सव्वादहाला पहिली पेटी भरली. महिन्याला लागतील असे धरलेले १२ किलो ६ वर आले. पीपीसाठी देशी, पीसीसाठी आयात, असे दोन दर साहेबांनी शेवटी मंजूर केले. महागडं पोतं मात्र त्यांच्याच केबिनमध्ये, कुलपात.

एक मशीन राहिलंय. त्यावर रिप्रो पीपीची झाकणं निघतात, तिथेही काळे ठिपके आहेत. तिन्ही प्रकार मारून पाहिले, फरक नाही. शेवटी मामांनी मूठभर दाणा कापून भिंगाखाली धरला. ठिपके दाण्याच्या आतच होते, जळक्या लेबलाच्या कागदाचे. प्रतिनिधीचा अजून फोन येतो, नवी ग्रेड आलीय म्हणून. मी सध्या दाणेवाला बदलतेय.